चौदांपैकी उरलेले तेरा

पत्राचा गोषवारा : पत्रलेखिका २६ वर्षांच्या असून पुण्याजवळच्या एका औषधनिर्मिती कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत गेली तीन वर्षे काम करतात. त्यांचे घर लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. तेथून ११ किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी त्यांनी रसायनशास्त्रात बीएस्सी केले. संध्याकाळी पाचच्या एसटीने घरी परतता येते, या एकाच अटीवर वडिलांनी तेव्हा परवानगी दिली होती. पुढे एमएस्सीसाठी त्या पुण्यात आल्या. कंपनीत डबा खाताना महाविद्यालयांचा विषय निघाला की त्या नुसते ‘लातूर’ म्हणतात, समोरच्याला ‘लातूर पॅटर्न’, म्हणजे लातूर शहरातल्या महाविद्यालयांची बारावीच्या निकालांसाठी गाजलेली शिकवण्याची पद्धत, आठवतो आणि त्या तो गैरसमज दूर करत नाहीत. तिसऱ्या वर्षाला वर्गात चौदाच जण होते, प्रत्येकाला प्रयोगासाठी स्वतंत्र ब्युरेट (द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडण्याची काचेची नळी) मिळे, सर नावानिशी ओळखत. ती वर्षे आयुष्यातली सर्वांत चांगली होती, असे त्या लिहितात, आणि पुढच्याच परिच्छेदात म्हणतात की सुरुवातीपासून पुण्यात असते तर कुठल्या कुठे गेले असते. आता धाकटा भाऊ बारावी विज्ञान उत्तीर्ण झाला आहे. त्याने पुण्यात ‘संगणकाचे काहीतरी’ करावे, ‘तू आहेसच तिथे’, असे वडील म्हणतात. आईला तो गावाजवळच हवा आहे. आणि दोघेही पत्रलेखिकेच्या मताची वाट पाहत आहेत. त्यातच त्यांच्या महाविद्यालयाने या महिनाअखेरीच्या मेळाव्यात ‘यशस्वी माजी विद्यार्थिनी’ म्हणून बोलायला बोलावले आहे. ‘मुलांना इथेच शिका म्हणू की इथून निघा म्हणू?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर :

आधी एक कबुली देते. मी पुण्यात जन्मले, हुजूरपागेत शिकले, पेठेतल्या घरापासून सायकलने दहा मिनिटांच्या आत माझे सगळे शिक्षण आटोपले आणि पुढे पुण्यातल्याच एका महाविद्यालयात ३१ वर्षे संख्याशास्त्र शिकवले. म्हणजे ‘ग्रॅज्युएशन कुठून केलंस?’ हा जो प्रश्न तुम्हाला टोचतो, तो आयुष्यभर विचारत आलेल्यांपैकी मी आहे, आणि त्या बाजूने पाहता सांगते की विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काहीच नसते. पुणेकर एकमेकांनाही हेच विचारतात. साठीतली दोन माणसे लग्नाच्या पंगतीत शेजारी बसली तरी ‘तुम्ही नूमविचे की भावे स्कूलचे?’ येथूनच सुरुवात होते.

बहुतेक वेळा, असे मी म्हटले. नेहमी नव्हे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका मुलाला मी फळ्यापाशी बोलावले आणि काय करतोयस असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘मध्यक काढायलोय, मॅडम.’ मी हसले नाही, पण ‘काढतोय म्हणावं’ अशी दुरुस्ती केली आणि वर्ग हसला. मध्यक त्याने अचूक काढला होता. त्यानंतर वर्षभर त्याने माझ्या तासाला तोंड उघडले नाही, आणि मी ते त्याच्या ‘बुजरेपणा’च्या खाती टाकून मोकळी झाले. तुम्ही एमएस्सीच्या पहिल्या सत्रात चार महिने वर्गात एक शब्दही बोलला नाहीत असे लिहिले आहे, तेव्हा मला तो मुलगा आठवला. ते मौन गावच्या महाविद्यालयाने तुमच्यात घातलेले नव्हते. त्यातला निदान अर्धा वाटा माझ्यासारख्यांचा आहे. हा हिशेब नीट मांडल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही, कारण पुण्यात आल्यावर जे सोसावे लागले त्याचेही खापर तुम्ही पुण्याबाहेरच्या त्या तीन वर्षांवर फोडत आहात.

आता तुमच्या ‘पुण्यात असते तर’ या वाक्याकडे वळते. हे वाक्य गृहीत धरते की १८व्या वर्षी तुमच्यापुढे दोन वाटा होत्या, एक तालुक्याची आणि दुसरी पुण्याची, आणि तुम्ही चुकीची धरलीत. पण पाचच्या एसटीची अट तुम्हीच लिहिली आहे. ती एसटी नसती, किंवा ११ किलोमीटरवर महाविद्यालय नसते, तर तुमच्या वडिलांनी तुम्हाला पुण्याला पाठवले असते का? तुमच्या पत्रावरून तरी तसे वाटत नाही. तुमच्यापुढची खरी दुसरी वाट बहुधा न शिकण्याची होती. त्या महाविद्यालयाला तोलायचे असेल तर त्या वाटेशी तोला, पुण्याशी नाही. तुमच्या पणजोबांच्या पिढीत तुमच्याकडच्या मुलाला पदवी हवी असली तर हैदराबादची वाट धरावी लागे, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या तेथील उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले ते १९५८ मध्ये, आणि नांदेडचे तुमचे विद्यापीठ त्यातून वेगळे निघाले १९९४ मध्ये. तुमच्या पदवीपत्रावर ज्यांचे नाव छापलेले आहे ते स्वामी रामानंद तीर्थ मुक्तिसंग्रामाचे नेते होण्याआधी हिप्परग्याच्या आणि मग अंबाजोगाईच्या शाळेत शिक्षक होते. हे तुम्हाला अभिमान वाटावा म्हणून सांगत नाही. विद्यापीठाचे नाव उच्चारताना आवाज खाली आणण्याचे कारण नाही, एवढ्यापुरते सांगते.

माझा विषय संख्याशास्त्र असल्यामुळे म्हणा, तुमच्या पत्रातला एक आकडा मला सोडवेना : चौदा. तुमच्यासोबत डबा खाणारे सहाही जण पुण्याच्या नावाजलेल्या महाविद्यालयांतून आले आहेत, आणि त्यावरून त्या महाविद्यालयांतून शिकलेला माणूस सहज तुमच्याइतका किंवा तुमच्यापुढे जातो, असा निष्कर्ष तुम्ही काढला आहे. परंतु त्याच महाविद्यालयांतून त्याच वर्षी बाहेर पडलेले आणि तुमच्या कंपनीच्या फाटकापर्यंत न पोहोचलेले किती असतील, हे तुम्हाला दिसणारच नाही, कारण ते डबा खायला तिथे नसतात. पोहोचलेल्यांकडे पाहून न पोहोचलेल्यांचा अंदाज बांधण्याची ही चूक मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत लाल शाईने खोडली आहे. मौज अशी की तुमचे महाविद्यालयही नेमकी हीच चूक उलट्या दिशेने करत आहे. चौदांपैकी एकीला व्यासपीठावर बसवून ते सांगणार की बघा, आमच्याकडे शिकले की असे होते. बाकीचे तेरा कुठे आहेत?

हा प्रश्न मी शब्दशः विचारते आहे. भावाबद्दल मत देण्यापूर्वी त्या तेरांपैकी निदान सहा-सात जणांना फोन करा. दोन संध्याकाळी पुरतील. पदवीनंतर काय झाले, पदवीचा नेमका कोठे उपयोग झाला, काय मिळाले नाही म्हणून अडले, आणि स्वतःच्या भावंडाला तेथे पाठवाल का, एवढेच विचारा आणि वहीत लिहून ठेवा. त्यांत मुली किती होत्या आणि त्यांपैकी कितींची लग्ने तिसऱ्या वर्षाच्या निकालाआधी ठरली, हेही मोजा. तो दोष महाविद्यालयाच्या माथी मारता येणार नाही, पण गावाजवळ शिकण्याची किंमत काढताना तो आकडा वगळूनही चालणार नाही. अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांनाही माझी पहिली सूचना हीच राहील. महाविद्यालयाच्या फलकावरच्या गुणवंतांच्या छायाचित्रांपेक्षा एका सामान्य वर्गाची पाच वर्षांनंतरची हजेरी अधिक खरे बोलते.

फोन करेपर्यंत तुमच्या स्वतःच्या अनुभवाची वाटणी करून ठेवा, कारण तुम्ही ‘गाव’ या एका शब्दात फार गोष्टी कोंबल्या आहेत. स्वतंत्र ब्युरेट मिळाल्यामुळे तुमचा हात बसला. द्रवाची वक्र कड डोळ्यांच्या पातळीत आणून वाचायची, शेवटचा थेंब अर्धा कसा सोडायचा, फिनॉल्फ्थॅलिनचा फिकट गुलाबी रंग टिकतो की विरतो ते किती वेळ पाहायचे, हे तुम्ही तेथे शिकलात, आणि आज कंपनीत नव्याने आलेल्यांना तेच शिकवता असे तुम्हीच लिहिले आहे. पण ब्युरेट वाट्याला येण्याचे कारण गावाचा चांगुलपणा नव्हता. वर्ग रिकामा होत चालला होता, म्हणून ब्युरेट पुरत होत्या. तुम्हाला नावाने ओळखणारे सर हे त्या एका माणसाचे मोठेपण होते. त्याच इमारतीत गणिताची जागा दीड वर्ष रिकामी होती आणि संगणकाच्या खोलीची किल्ली लिपिकाच्या टेबलाच्या खणात असे, हेही तुमच्याच पत्रात आहे. सर निवृत्त झाले असतील तर तुम्ही ज्या महाविद्यालयात शिकलात ते आज तुमच्या भावाला प्रवेशासाठी उपलब्ध नाही.

आणि जे खरोखर हुकले ते कोणते? इंग्रजीचा बाऊ मी करणार नाही. ती तुम्ही दोन वर्षांत मिळवलीत. माझ्या मते मोठी उणीव कानावर पडणाऱ्या गोष्टींची होती. पाषाण रस्त्याने बसने जाणाऱ्या पुण्यातल्या मुलाला १९५० पासून तेथे असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा खिडकीतून दिसते. कोणाचा तरी मामा तेथे असतो, कोणाची शेजारीण ‘आयसर’ या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत शिकत असते, आयआयटीत एमएस्सी करण्यासाठी ‘जॅम’ नावाची परीक्षा असते हे चहा पिताना कळते. तुम्हाला ‘जॅम’चे नाव एमएस्सीच्या वर्गात बसल्यावर कळले, आणि तेव्हा त्याचा उपयोग नव्हता. फोनवर सगळे सापडते असे लोक म्हणतात, परंतु शोधण्यासाठी आधी नाव ठाऊक असावे लागते. ही उणीव खरी आहे आणि तिच्याबद्दल वाईट वाटणे रास्त आहे. मात्र ती भरून काढायला तीन वर्षांचे पुण्याचे भाडे लागत नाही. काही वर्षे पुढे गेलेली, वेळच्या वेळी फोन करणारी एक बहीण पुरते, आणि ती तुमच्या भावाला आहे.

भावाकडे येते. तुमच्या साडेचार पानांच्या पत्रात वडिलांचे म्हणणे आहे, आईचे आहे, तुमचे तर आहेच. त्याचे एकही वाक्य नाही. त्याला संगणक आवडतो की ‘संगणकाचे काहीतरी’ ही वडिलांची शब्दयोजना आहे, गणित त्याला झेपते का, घर सोडायला तो उत्सुक आहे की धास्तावलेला आहे, याचा पत्ताच लागत नाही. तो १८ वर्षांचा असेल. त्याला एकट्याला गाठून विचारा, तेही ‘पुणे की गाव’ असे विचारू नका. तीन वर्षांनी सकाळी उठून काय काम करायला आवडेल, असे विचारा. उत्तर ‘माहीत नाही’ आले तरी ते उत्तर आहे, आणि ज्याचे उत्तर ‘माहीत नाही’ असेल त्याच्यासाठी घरच्यांनी कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विषय ठरला तर ठिकाण बरेचसे आपोआप ठरते. रसायनशास्त्र असेल, प्रयोगशाळा चालू असेल आणि शिकवणारे माणूस जागेवर असेल, तर तालुक्याचे महाविद्यालय आणि नंतर एमएस्सीला पुणे, हा तुमचाच मार्ग स्वस्त आणि चांगला आहे. संगणकशास्त्र असेल आणि किल्ली अजून त्या खणातच असेल, तर केवळ तुमच्या आठवणी गोड आहेत म्हणून त्याला तेथे पाठवणे हा त्याच्यावर अन्याय होईल. मात्र ‘पुण्यातले महाविद्यालय’ म्हणजेही एक ठराविक वस्तू नाही. ज्या तुकडीत त्याला प्रवेश मिळणार ती अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे सर्वांत आधी विचारा, कारण एकाच इमारतीत दोन्ही असतात आणि शुल्कात मोठा फरक पडतो. संगणकशास्त्राच्या तुकड्या बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतात. विषयाला पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हे विचारा. हा प्रश्न पुण्यातही विचारायचा आहे. दर वर्षी बदलणारे शिक्षक हा काही एकट्या मराठवाड्याचा आजार नाही. बीसीए या संगणकाच्या पदवीचा विचार असेल तर २०२४पासून त्याला राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, आहे; ती त्याने दिली आहे का, ते आजच पाहा. पुढे एमसीए, म्हणजे त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी, करायचे मनात असेल तर बारावीला किंवा पदवीला गणित असलेले बरे, तेव्हा गणित सोडायचा सल्ला त्याला कोणी देत असेल तर थांबवा. शिवाय लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर ही गावे नकाशावर आहेत. तुमच्या घरच्या चर्चेत त्यांचे नावही निघालेले दिसत नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही मला काहीच विचारलेले नाही, तिच्यावर मी सर्वांत जास्त अडले. ‘तू आहेसच तिथे’ या तीन शब्दांचा अर्थ नीट लावून पाहा. तुम्ही वारज्यात दोन मैत्रिणींसोबत कॉट बेसिसवर राहता; तेथे भाऊ राहू शकत नाही. म्हणजे तुम्ही ती जागा सोडणार, वन आरके शोधणार, तिचे डिपॉझिट तुमच्या पगारातून जाणार, आणि सकाळी पावणेसातची कंपनीची बस पकडण्याआधी दोन डबे भरून निघणार. वडिलांच्या बोलण्यात हे काहीही नाही, आणि ते मुद्दाम लपवत आहेत असेही मला वाटत नाही; घरात बहीण शहरात असली की हे गृहीतच असते. ज्या वडिलांनी मुलीला पाचच्या एसटीची अट घातली, तेच मुलाला थेट पुण्याला पाठवायला निघाले आहेत आणि त्या पाठवण्याचा भार मुलीच्या खांद्यावर ठेवत आहेत, हे तुम्ही लिहिले नसले तरी तुम्हाला दिसलेले असावे. तुमच्या मनातली ‘मत देऊ की नको’ ही घालमेल थोडीफार येथूनही येत असेल.

भावाला मदत करू नका, असे मी म्हणत नाही. किती रक्कम आणि किती महिने, हे ठरवून सांगा, आणि राहण्याची सोय वेगळी पाहा. महाविद्यालयाच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्याच दिवशी द्यावा, नंतर जागा उरत नाहीत. समाजकल्याण विभागाची वसतिगृहे आहेत. ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांसाठी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५पासून काम करते आहे, तिच्या वसतिगृहांची चौकशी करा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर भरताना उत्पन्नाचा दाखला हाताशी हवा, आणि दुसऱ्या वर्षी त्याचे नूतनीकरण करायला मुले विसरतात, ते विसरू देऊ नका. यातले काहीच जमले नाही आणि भाऊ तुमच्यासोबतच राहिला, तर पहिल्या दिवशी त्याच्या हातात कुकर द्या. तुमच्या आईला ते आवडणार नाही.

डब्याच्या वेळचा प्रश्न किरकोळ आहे, पण त्यालाही उत्तर देते. पुढच्या वेळी कोणी विचारले तर विषय, महाविद्यालय आणि गाव ही तिन्ही नावे एका दमात सांगा आणि पोळीचा पुढचा घास घ्या. ‘हे कुठे आलं?’ असे कोणी विचारले तर लातूरपासून किती किलोमीटर ते सांगा. लपवलेल्या गोष्टीबद्दल माणसे कुतूहल दाखवतात. सांगितलेली गोष्ट दोन मिनिटांत जुनी होते.

मेळाव्याला मात्र जा, आणि ‘इथेच शिका की इथून निघा’ हा निवाडा तेथे देऊ नका, तो तुमच्याकडे कोणी मागितलेला नाही. तुम्हाला जी नावे उशिरा कळली ती फळ्यावर लिहा : ‘जॅम’, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तुमच्या क्षेत्रातल्या नोकऱ्यांना लागणारी उपकरणे, अर्ज कोणत्या महिन्यात निघतात ते. पहिल्या सत्रातले चार महिन्यांचे मौन सांगा, कारण पुढल्या वर्षी पुण्यात येणारी एखादी मुलगी त्या वर्गात बसलेली असेल आणि आपलेच काहीतरी चुकते आहे असे तिला वाटण्याआधी हे ऐकलेले बरे. तेरांपैकी ज्यांच्याशी बोलणे होईल त्यांतल्या दोघा-तिघांनाही सोबत घेऊन जा. गावात दुकान चालवणारा, शाळेत शिकवणारी, स्पर्धा परीक्षेत तीनदा अपयश आलेला, कोणीही चालेल. संयोजक कुरकुरतील, पण मुले त्यांचेच जास्त ऐकतील.

भावालाही घेऊन जा. भाषणे चालू असताना तुम्ही दोघे प्रयोगशाळेत जाऊन या, ती उघडी आहे का पाहा, किती ब्युरेट शाबूत आहेत ते त्याला मोजायला सांगा, आणि संगणकाच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते ते त्यानेच लिपिकाला विचारू दे.